लोकरी मावा: फवारणी करायची की कोनोबाथ्रावर सोपवायचं?

बांधावरचा
ढगाळ, दमट हवा धरली की उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागते आणि लगेच पाठीवर पंप चढतो. लोकरी माव्यावर फवारणी करूच नये, असं माझं मत आहे. 2002 च्या जुलैत सांगली भागात ही कीड उफाळली, तेव्हा फवारण्या-धुरळण्या भरपूर झाल्या. तरी मावा कर्नाटकापर्यंत पसरलाच. पुढे तो दबला तो मुख्यतः कोनोबाथ्रा (शास्त्रीय नावात आता डिफा) आणि मायक्रोमस या भक्षक किडींमुळे.

पान उलटून बघा. मावा मध्यशिरेला धरून दाटीनं बसलेला असतो. कोनोबाथ्राची अळी त्याच गर्दीत रेशमी जाळं विणते आणि त्याच्या आडोशानं पुढे सरकत मावा फस्त करते. जाळ्यात लोकर आणि माव्याची रिकामी सालपटं अडकून ते मळकट दिसतं. बरेच जण त्यालाच रोग समजतात आणि नेमक्या त्याच पानावर फवारा मारतात.

आडसाली
पूर्ण सहमत नाही. भक्षक नेहमी भक्ष्याच्या मागून वाढतो, हे गणित तुम्ही सोडून दिलंत. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते. कोनोबाथ्राला मात्र पतंग, अंडी, अळी, कोष असा सगळा फेरा करावा लागतो. आधी मावा भरपूर हवा, तेव्हा कुठे पतंग तिथे अंडी घालणार. मधल्या आठवड्यांत माव्याचा चिकट गोड स्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, पानाला ऊन मिळत नाही. वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. ते नुकसान शेतकऱ्यानं का सोसायचं? ऊस छातीच्या उंचीच्या आत असताना, चार-दोन बेटांवरच (उसाच्या झुबक्यांवरच) मावा असेल, तर तेवढीच बेटं फवारून टाकावीत.

बांधावरचा
सुरुवातीच्या त्या चार बेटांवरच भक्षकाची पहिली पिढी बसते, दादा. तीच मारली तर उरलेल्या फडात मावा मोकाट सुटतो. शिवाय माव्याच्या अंगावर मेण असतं. नुसतं पाणी आणि औषध घरंगळून जातं, चिकट द्रव्य मिसळावंच लागतं. फवारा पानाच्या खालून लागायला हवा. ऊस डोक्यावर गेला की ते कुणालाच जमत नाही. वरून मारलेल्या औषधातून खालचा मावा वाचतो, उघड्यावर फिरणारा मायक्रोमस मरतो.

सरीवरंबा
दोघंही मोजणीबद्दल बोलत नाही आहात. फडात आडवं-तिडवं चालून बेटं निवडा आणि प्रत्येक बेटाची माव्याची पानं उलटा. जाळी, अळ्या, कोष दिसत असतील तर पंप घरीच ठेवा. मावा आहे आणि भक्षक अजिबात नाही, अशा ठिकाणी आणून सोडा. शिफारस हेक्टरी 1000 कोनोबाथ्रा अळ्या किंवा 2500 मायक्रोमस अळ्यांची आहे, म्हणजे एकरी साधारण 400 किंवा 1000.

सोडायची पद्धत चुकली तर पैसे वाया. अळी असलेल्या पानाचा तुकडा कापून माव्याच्या पानाला खालच्या बाजूनं टाचणीनं लावा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पुढचे तीन-चार आठवडे फवारणी बंद. शेजारच्या फडातही फवारणी होऊ नये म्हणून आधी बोलून ठेवा, वाऱ्याबरोबर औषध येतंच. आणि मावा नसलेल्या फडात भक्षक सोडू नका, उपाशी राहून मरतील किंवा निघून जातील.

आडसाली
एकरी 400 अळ्या ऐन हंगामात आणायच्या कुठून? सगळ्यांना एकाच आठवड्यात हव्या असतात. त्यात कोनोबाथ्राच्या अळीवरही परजीवी गांधीलमाश्या पडतात. आणलेल्या पानांत आधीच परजीवी लागलेल्या अळ्या असतील तर मोजून आणलेल्या 400 मधल्या कामाच्या किती उरतात?

सरीवरंबा
हा मुद्दा खरा आहे, म्हणूनच मावा असलेल्या उभ्या उसावर शेडनेट उभारून आत कोनोबाथ्रा वाढवतात. जाळीमुळे परजीवी बऱ्यापैकी बाहेर राहतात. पण आत मावा संपत आला की अळ्या लगेच काढायला हव्यात. मायक्रोमसचा एक फायदा वेगळा आहे: त्याची अळीही मावा खाते आणि प्रौढही. क्रायसोपर्ला या दुसऱ्या भक्षक किडीचा प्रौढ मात्र मकरंद-परागावर जगतो, खायचं काम फक्त अळीचं.

बांधावरचा
पुरवठ्याची अडचण मान्य. पण मावा वाढवतो कोण, तेही बघा. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाला नत्राची शिफारस हेक्टरी 400 किलो आहे. त्यावर आणखी युरिया ओतला की पाला हिरवागार, लुसलुशीत होतो आणि माव्याला तेच हवं असतं. जनावरांसाठी माव्याच्या फडातलं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गावभर नेलं जातं, रस्त्याकडेच्या उसाला लागण तिथूनच होते. ही दोन कामं थांबली तर भक्षकाला गाठायचं अंतरच कमी होईल.

आडसाली
वाढ्याचं आणि युरियाचं पटलं. बेटं फवारण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही, अट एवढीच घालतो: पान उलटून जाळं नाही याची खात्री केल्यावरच, आणि फक्त ऊस छातीच्या आत असेपर्यंत.