ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ३८ हजार जमलेत, दप्तरं वाटावीत की दुसरं काही?

हडपसरी_बाबा:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्गणी काढली होती, ३८ हजार जमले. दौंडच्या पुढे एका कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडल्यात, रविवारी जाऊन दप्तरं, वह्या, स्वेटर आणि खाऊ वाटायचा असं ठरलंय. पण काल मेहुणा म्हणाला की दरवर्षी चार ग्रुप येतात, फोटो काढतात आणि जातात, पोरं काय शाळेत जात नाहीत. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. या पैशातून खरंच उपयोगी पडेल असं काय करता येईल? आणि काही लोक ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवायची पावती मागतायत त्याचं काय करू?

टोळीतला:
मी बीडचा, आई-बाप दोघं ऊस तोडायचे, आम्ही तिघं भावंडं कोपीवर. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची गाडी यायची आणि वर्गातली निम्मी पोरं गायब, ते थेट मार्च-एप्रिलला परत, तोवर परीक्षा तोंडावर. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते हो, त्यामुळं मुलाची शाळा आहे म्हणून आम्ही येत नाही असं म्हणायची सोय नसते. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघं पहाटेच फडात म्हणजे उसाच्या शेतात, मग धाकट्याला सांभाळायला कोण, तर मोठी बहीण. माझी बहीण तिसरीनंतर शाळेत गेली नाही ती दप्तर नव्हतं म्हणून नाही.
स्वेटर मात्र द्या. थंडीत लई हाल होतात, आणि ते पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर, झोपून बघितल्याशिवाय कळत नाही.

चिंचेखालची_शाळा:
वरच्यांनी नेमकं सांगितलंय. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, जिथून ही माणसं जातात त्या बाजूला. दादा, तुमचा पैसा कारखान्यापेक्षा गावाकडं जास्त कामाला येईल, कारण पोरगं एकदा गाडीत बसलं की निम्मी लढाई गेली. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा असायच्या, 'जनार्थ'सारख्या संस्थांनी चांगल्या चालवल्या, पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या मागं पडल्या, आता म्हणतात जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवा. बसवा म्हणणं सोपं आहे, शाळा फडापासून तीन-चार किलोमीटर आणि मजुरांची टोळी कर्नाटकात गेली असेल तर तिथं कन्नड!
म्हणून आम्ही धडपडतो ती हंगामी वसतिगृहासाठी. मूल गावातच राहतं, आजीकडं नाहीतर चुलत्याकडं झोपतं, दोन वेळचं जेवण शाळेच्या समितीकडून. सरकारी योजना आहे पण पैसे हंगाम अर्धा सरल्यावर येतात, तोवर किराणा दुकानदाराची उधारी आणि आमचे खिसे. आणि आजी थकलेली असली की आई म्हणते, पोरीला तरी नेते सोबत. वयात आलेल्या मुलीचा घोर वेगळाच. तिला एकटीला मागं ठेवायची भीती आणि फडावर न्यायचीही भीती, मग सरळ लग्न लावतात, नवा कोयता तयार. अठराच्या आतलं लग्न कुठं कळलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो, नाव सांगायची सक्ती नाही.

जमाखर्च:
पावतीचं सांगतो. सोसायटीच्या नावावर ८०जी मिळणार नाही, नोंदणी असलेल्या संस्थेलाच पैसे द्यावे लागतील, ते पण ऑनलाइन किंवा चेकने कारण रोख दोन हजारांच्या वर दिलं तर सूट नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर सूट मिळतच नाही, तेव्हा पावती मागणाऱ्यांना आधी हे विचारा, निम्मे गप्प बसतील :) संस्थेकडे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागायला लाजू नका, चांगली माणसं लगेच दाखवतात.

टोळीतला:
अजून एक, कोपीवर जाणार असाल तर दुपारी अकराला जाऊ नका, आई-बाप फडात असतात आणि तुम्ही त्यांच्या माघारी पोरांचे फोटो काढणार. मला एकदा बिस्किटाचा पुडा हातात धरून तीन वेळा उभं केलं होतं, फोटो हलला म्हणून.

हडपसरी_बाबा:
फोटोचं वाचून गप्पच झालो, आमच्या बॅनरची ऑर्डर पण दिलेली होती, ती आत्ता रद्द केली. ग्रुपवर बोललो, दोन-तीन जण रुसलेत पण ठरलं असं की दहा हजारांचे स्वेटर आणि ब्लँकेट घेऊन संध्याकाळी कोपीवर जायचं, कॅमेरा नाही. बाकीचे २८ हजार वसतिगृहासाठी. मॅडम, तुमच्या शाळेच्या समितीला चालतील का, आणि रोख देण्याऐवजी त्या किराणावाल्याची उधारीच परस्पर भागवली तर?

चिंचेखालची_शाळा:
चालेल की! पण समितीच्या ठरावात घेऊ आणि पावती रीतसर फाडू, नाहीतर उद्या गावात माझ्यावरच शेकायचं. मेसेज केलाय बघा. तेल, डाळ आणि तांदूळ एवढंच सध्या थकलंय, अंडी मात्र रोखीनं घेतो, तो अंडेवाला काही ऐकत नाही.