दादाच्या एमआरआयमध्ये 'मेंदू आकसलाय' असं आलंय. गोळ्या बंद करायच्या का?

मिरजेची धाकटी:
दादाला स्किझोफ्रेनिया होऊन २४ वर्षं झाली, आता तो ४६ चा आहे. गेल्या महिन्यात पहाटे बाथरूममध्ये पडला म्हणून डोक्याचा एमआरआय काढला. मार काही लागलेला नाही, पण रिपोर्टमध्ये 'माइल्ड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी' आणि व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या, मोठे असल्याचं लिहिलंय. तेव्हापासून घरात एकच विषय: गोळ्यांनीच याचा मेंदू सुकला. काका म्हणतात बंदच करा. काल रात्री आई गोळ्यांची पट्टी हातात घेऊन नुसती बसून होती.

दुकानातून चार वस्तू सांगितल्या तर दादा दोनच आणतो. पण मिरजेहून सुटणारी जुनी नॅरोगेज गाडी कुठे थांबायची ते विचारा, आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, थेट पंढरपूरपर्यंत न अडखळता सांगतो. मेंदू आकसलेला माणूस असा असतो का? आणि हे दरवर्षी वाढतच जाणार का?

मानसोपचारतज्ज्ञ, निवृत्त:
ताई, गोळ्या स्वतःहून बंद करू नका, हे आधी.

१९२७ मध्येच जर्मनीत याकोबी आणि विंकलर यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढले होते. बहुतेक स्किझोफ्रेनिया रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. या आजारावरचं पहिलं औषध आलं १९५२ ला. म्हणजे सगळा दोष गोळ्यांच्या माथी मारता येत नाही.

पण गोळ्यांचा काहीच वाटा नाही, असंही मी म्हणणार नाही. आयोवा विद्यापीठात नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या त्याच त्या रुग्णांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढले. आजार जितका जास्त काळ उसळलेला राहिला तितकी मेंदूची घट जास्त दिसली, आणि जास्त डोसशीही घटीचा संबंध आढळला. म्हणून डोस लागेल तेवढाच ठेवायचा, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा.

हा अल्झायमर नव्हे. त्यात पेशी मरत जातात. इथे मुख्यतः पेशींच्या फांद्या आणि एकमेकींशी असलेले जोड विरळ होतात. ही घट सुरुवातीच्या वर्षांत जास्त असते. वस्तू विसरणं हे बऱ्याचदा आजाराबरोबरच आलेलं असतं, आणि पुढे बहुतेकांचं साधारण तेवढंच राहतं.

एक राहिलंच. काही गोळ्यांनी झोपेतून उठताना बीपी एकदम उतरतं. पहाटे पडला, हे डॉक्टरांना सांगितलंत का?

नाशिकची आई:
माझ्या मुलाच्या गोळ्या आम्ही दोन वर्षांपूर्वी अशाच भीतीने बंद केल्या. दीड महिन्यात कानात भासाचे आवाज परत आले, त्याने जेवण सोडलं. अ‍ॅडमिट करावं लागलं, आणि आधीचा मुलगा पूर्ण परत मिळाला नाही. तुमच्या आईंना माझं एवढं सांगा.

मिरजेची धाकटी:
दोन्ही उत्तरं आईला वाचून दाखवली. १९२७ चं तिने दोनदा विचारलं, "तेव्हा गोळ्या नव्हत्याच?" मग उठून दादाला गोळी आणि पाणी दिलं. पडल्याचं मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. बुधवारी ओपीडीला रिपोर्ट घेऊन जातेय, तेव्हा हेच पहिलं सांगते.