एकाच प्लेअरवर ४के सिनेमा, सीडी आणि एसएसीडी: कोणता घ्यावा?

पेठकर
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. टीव्ही ५५ इंची, ४के, डॉल्बी व्हिजनवाला (एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-रंगांच्या चित्राचा एक प्रकार). रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना देणारं यंत्र) २०११ चा, ५.१ स्पीकर (पाच साधे, एक खर्जाचा सबवूफर) जोडलेले. त्यात एचडीएमआय आहे, पण ४के चित्र पुढे जात नाही. घरात ऑडिओ सीडी तीनेकशे, एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, सीडीपेक्षा बारकाईने ध्वनिमुद्रण असलेली) पंचवीस, भाच्याने अमेरिकेतून पाठवलेल्या दहा-बारा ब्लू-रे आणि जुन्या नाटकांच्या व्हीसीडी खोकंभर. सोनी यूबीपी-एक्स८००एम२ की पॅनासोनिक डीपी-यूबी८२०? रिसीव्हर एवढ्यात बदलायचा नाही.

तारयंत्र
पंचवीस एसएसीडी असतील तर निम्मा निकाल तिथेच लागला. यूबी८२० एसएसीडी वाजवत नाही. त्याच कंपनीचा महागडा यूबी९०००सुद्धा नाही. डिस्क हायब्रिड (सीडी आणि एसएसीडी असे दोन्ही थर असलेली) असेल तर फक्त तिचा सीडीचा थर वाजेल, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. एसएसीडीचा खरा थर वेगळा असतो: १ बिट, २.८२२४ मेगाहर्ट्झ. एक्स८००एम२ तो वाचतो, डीव्हीडी-ऑडिओही वाचतो.

आता रिसीव्हर. ४के डिस्कला वाटेतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी यंत्रणा) लागतं, तुमच्या रिसीव्हरमध्ये ते नसणार. म्हणून प्लेअर, रिसीव्हर, टीव्ही अशी सरळ माळ लावली की चित्र तरी गायब होतं नाहीतर १०८० वर उतरतं, आणि लोक प्लेअरला शिव्या घालतात. या दोन्ही मॉडेलना दोन एचडीएमआय आहेत ती याचसाठी. पहिली थेट टीव्हीला, केबल १८ जीबीपीएसची. दुसरी, फक्त आवाजाची, रिसीव्हरला. तिथे जुनी केबलही चालेल. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरचे काटछाट न केलेले आवाज त्या वाटेने जसेच्या तसे जातात. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) डिस्क लावलीत तरी तुमचा रिसीव्हर तिच्यातला साधा ट्रूएचडी उचलेल, काही अडणार नाही.

'टीव्हीतून ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणारी केबल) काढून रिसीव्हरला द्या' असं दुकानात हमखास सांगतात. ऐकू नका. ऑप्टिकलमधून जास्तीत जास्त जुना डॉल्बी डिजिटल किंवा साधा डीटीएस जातो आणि एसएसीडीचा आवाज तर अजिबात नाही. सोनीच्या कोअ‍ॅक्सियल या तारेच्या डिजिटल जोडणीचंही तेच: सीडीला उत्तम, एसएसीडीला मुकं.

ओसरी
तारयंत्रांशी सहमत, पण पेठकरांनी सोनीची एक गोची ऐकून घ्या. त्याला समोर डिस्प्ले नाही आणि मागे अ‍ॅनालॉग आउटपुटही नाही. नुसतं गाणं ऐकताना कितवा ट्रॅक चाललाय हे बघायलाही टीव्ही लावावा लागतो. सिनेमावाल्याला फरक पडत नाही, तीनशे सीडीवाल्याला महिनाभरात वैताग येतो.

'कुणाचा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) भारी' ही चर्चाही इथे फोल. एचडीएमआय किंवा कोअ‍ॅक्सियलने जोडलंत की प्लेअर फक्त आकडे पुढे ढकलतो. आवाज रिसीव्हरमध्ये तयार होतो. महाग प्लेअरचा डॅक तुम्ही अ‍ॅनालॉगने जोडलात तरच कामाला येतो. तसं करायचं असेल तर मॅग्नेटार यूडीपी८०० सारखं काहीतरी बघा: एसएसीडी वाजतं, स्टीरिओ अ‍ॅनालॉगही आहे, किंमत मात्र सोनीच्या कितीतरी पट. ओप्पो २०५ सेकंडहँड दिसला तर मोह होईल, पण कंपनीने २०१८ मध्येच प्लेअरचा धंदा आवरला. लेझर गेला की वजनदार पेपरवेट.

पेठकर
रिसीव्हरच्या मागे ५.१ अ‍ॅनालॉग इनपुटही आहेत. पुढेमागे तसा प्लेअर घेतला तर एसएसीडी तिथून वाजवू का?

तारयंत्र
वाजेल, पण बास लंगडा. त्या इनपुटवर बहुतेक रिसीव्हर छोट्या स्पीकरचा बास सबवूफरकडे वळवत नाहीत, ते प्लेअरमध्ये करावं लागतं. शिवाय या वाटेने सबवूफरचा चॅनेल बऱ्याचदा १० डेसिबलने कमी येतो, तो हाताने वाढवायचा. एवढं करण्यापेक्षा एचडीएमआय बरं. सोनीत डीएसडी (एसएसीडीचा मूळ १ बिटचा आवाज) आउटपुट 'ऑफ' ठेवा, म्हणजे प्लेअर त्याचं पीसीएम (सीडीसारखे आकडे) करून पाठवेल आणि रिसीव्हरचा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचा बास सबवूफरकडे वळवणं) लागू होईल. डीएसडी तसंच पाठवलं तर काही रिसीव्हर ते घेत नाहीत, काही घेतात पण क्रॉसओव्हर सोडून देतात. मग 'एसएसीडी पातळ वाजते' ही तक्रार.

सेटिंगमध्ये आणखी तीन गोष्टी. एसएसीडीचा थर आणि मल्टीचॅनेल एकदाच निवडून ठेवा. 'बीडी ऑडिओ मिक्स' (मेनूचे वगैरे आवाज मुख्य आवाजात मिसळणं) बंद, नाहीतर ट्रूएचडी रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही. आणि सोनीत डॉल्बी व्हिजन आपोआप बदलत नाही, डिस्क बघून हाताने चालू-बंद करावं लागतं. साध्या एचडीआर डिस्कला ते चालू राहिलं की रंग विचित्र दिसतात.

चित्र टीव्हीला आणि आवाज रिसीव्हरला असे वेगळे गेले की ओठ मागे पडतात, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो. रिसीव्हरमध्ये ऑडिओ डिले ४० मिलिसेकंदांपासून वाढवत न्या. बातम्या सांगणाऱ्याचे 'प', 'ब', 'म' बघून जुळवा, लगेच कळतं.

खाडीपलीकडचा
भाच्याच्या डिस्कचं कुणी बोललंच नाही. ४के डिस्कला रीजन (जगाच्या कुठल्या भागात चालेल याचं कुलूप) नसतो, पण साध्या ब्लू-रेला असतो. अमेरिका ए, भारत सी. खोक्याच्या मागे षटकोनी खूण बघा. ए, बी, सी तिन्ही असतील तर प्रश्न नाही. नुसता ए असेल तर इथला प्लेअर डिस्क परत करेल. म्हणून प्लेअरच अमेरिकेतून मागवायचा विचार असेल तर थांबा: तिकडचे प्लेअर इथल्या पाल (इथली टीव्ही पद्धत) डीव्हीडी बऱ्याचदा नाकारतात, आणि पाठीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर गळ्यात. न विचारता २३० त लावलात तर धूर.

व्हीसीडीसाठी जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नका. तो वेगळ्या इनपुटला राहू द्या, नव्याकडून ती अपेक्षा धरू नका.

पेठकर
सोनीच घेतो मग. भाच्याची एक ४के डिस्क मित्राकडे दीड तासाने अडकली होती. डिस्क खराब, की प्लेअर?

ओसरी
१०० जीबीची असेल तर आधी बोटाचे ठसे बघा, त्या फार नाजूक. मऊ मायक्रोफायबर, मधल्या भोकापासून कडेला सरळ, गोल गोल कधीच नाही. गोल घासून पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने लांब होतो. साध्या सीडीत ट्रॅकच्या लांबीत साधारण अडीच मिलिमीटर गेलेलं भरून काढता येतं, त्यापुढे अंदाजाने जोडावं लागतं. मधून कडेला जाणाऱ्या आडव्या ओरखड्याने एवढं बिघडत नाही. पुसूनही त्याच सेकंदाला अडकली तर डिस्क. वेगवेगळ्या जागी अडकली आणि बाकीच्या डिस्कही अडकत असतील तर प्लेअर. ब्रशवाली लेन्स क्लीनर डिस्क मात्र लावू नका.