दुसरीतला मुलगा गोष्टी आवडीने ऐकतो, पण स्वतः वाचत नाही. काय करू?

नमस्कार,
माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात दुसरीत. आम्ही ठाण्यात राहतो, घरी मराठीच बोलतो. गोष्टींचं त्याला भयंकर वेड. रात्री मी वाचून दाखवते तेव्हा "अजून एक, अजून एक" चालू असतं. पण पुस्तक त्याच्या हातात दिलं की "तूच वाच ना, आई!"

अक्षरं सगळी ओळखतो, बाराखडी पाठ आहे. गाडी अडते ती रफार आणि जोडाक्षरांपाशी. 'पर्वत' तो 'पवर्त' असा वाचतो, कारण रफार दिसतो 'व'च्या डोक्यावर. (डोळ्यांना दिसतं तेच वाचतोय, त्याचं तरी काय चुकलं?) 'विश्वास'सारखा शब्द फोडून होईपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं तेच विसरतो आणि गोष्टीतली मजा निघून जाते.

'रोज दोन पानं वाच' असा लकडा मला त्याच्यामागे लावायचा नाहीये. वाचन म्हणजे गृहपाठ असं एकदा डोक्यात बसलं की संपलंच.

सध्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी देते. सोपे शब्द, मोठं चित्र, शिवाय फुकट. त्या वाचतो, पण मोबाइल हातात आला की थोड्या वेळात व्हिडिओ सुरू. 'किशोर'चे अंक आणते, त्यातली कोडी आणि चित्रं बघतो, मजकूर अजून जड जातो.

तर, जोडाक्षरं कमी असलेली, तरीही या वयाला बाळबोध न वाटणारी छापील पुस्तकं सुचवाल का? जेसीबी, क्रेन, डायनासोर यातलं काहीही चालेल. आणि मुलांना कपाटातून स्वतः पुस्तकं काढू देणारं वाचनालय ठाण्यात कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद:
ताई, मी पहिली-दुसरीला शिकवते. वाचून दाखवणं अजिबात थांबवू नका, फक्त वाचताना शब्दांखालून बोट फिरवा. मधले छोटे संवाद त्याला वाचू द्या. अडला तर क्षणभर थांबा, मग शब्द सांगून टाका. तिथे फोड करायला लावली की गोष्ट तुटते. रफार वेगळ्या वेळी घ्या, पाटीवर: 'र्' आणि 'व' सुटे लिहायचे, मग 'र्व'. उच्चारात 'र' आधी येतो हे त्याच्याच तोंडून येऊ दे.

मोबाइलचं म्हणाल तर स्टोरीवीव्हरच्या गोष्टी उतरवून छापता येतात. चार गोष्टी छापून, टाचून द्या.

पुस्तकं इथले बाकीचे सुचवतीलच, पण एक पुस्तक घरीच करा. जेसीबीची गोष्ट त्याला सांगायला लावा आणि तो बोलेल तश्शी, त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहून काढा. एका पानावर एक वाक्य, चित्रं त्याची. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे जोडाक्षर आलं तरी तो अडत नाही. वर्गात अडखळणारी मुलंसुद्धा स्वतःची गोष्ट धडाधड वाचतात. पहिली गोष्ट पाच-सहा वाक्यांचीच ठेवा, आणि आजी-आजोबांना वाचून दाखवायला सांगा.