'आत्मवृत्त' वाचलं. आता त्यावर आठ मिनिटं काय बोलू?

गियरबॉक्स५८

नमस्कार मंडळी. मी चिपळूणकडचा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. निवृत्तीनंतर गुडघे आणि टीव्ही एकाच महिन्यात बिघडले, म्हणून ग्रंथालयात नाव घातलं. तिथे महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणीतरी एकाने वाचलेल्या पुस्तकावर आठ मिनिटं बोलायचं असतं. या खेपेला विषय आत्मचरित्र, आणि चिठ्ठी निघाली माझ्या नावाची.

मी धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' घेतलं. मुरुडचा माणूस म्हणजे आमच्याच मुलखातला, एवढंच कारण. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्याला पायी गेला. शंभरावर मैल. तिथे साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, तू लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही. आला तसा परत! मी कुंभार्ली घाटात भर जुलैत रात्री दोन वाजता गाडीखाली पडून स्प्रिंगचा तुटलेला पाटा बदललाय. सह्याद्री ओलांडायचा म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. तो भाग मी तीनदा वाचला.

मग बसून तीन पानं लिहिली. जन्म १८५८, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला १८९१, विधवेशी पुनर्विवाह १८९३, अनाथबालिकाश्रम १८९६, मग हिंगणे. मंडळी तांदूळ निवडत बसली होती, तिला वाचून दाखवलं. मान वर न करता म्हणाली, "ही जंत्री झाली. आणि ती बाई कुठाय? एवढं सगळं चाललं होतं तेव्हा ती काय करत होती?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात बायकोबद्दल आहे, पण ते सगळं त्यांच्या बाजूने. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जंत्री होऊ नये म्हणून काय करावं? आणि हिला काय सांगू?

मृदुला_त

काकूंना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न लाखातला आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या पुस्तकात मिळेल. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, त्यांना सगळे 'बाया' म्हणत, त्यांनी स्वतःच्या आठवणी सांगितल्या आहेत. 'माझे पुराण', १९४४. सूनबाई कावेरी कर्वे यांनी त्या संपादित केल्या. तुमच्याच ग्रंथालयात बघा, बहुतेक खालच्या कप्प्यात असेल.

बाया माहेरच्या गोदूबाई जोशी. लहानपणीच विधवा, केशवपन झालेलं. मुंबईत पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं, तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा त्याच. पुढे पुनर्विवाह झाला आणि मुरुडकरांनी बहिष्कार घातला. त्या सुईणीचं काम शिकायला नागपूरला गेल्या, आश्रमासाठी पैसे गोळा करत हिंडल्या. संसार चालवायचा तो वेगळाच.

जंत्री टाळायला मी एक करते, दोघांनीही भोगलेली एकच गोष्ट निवडते. इथे विम्याची घ्या. कर्व्यांनी आपली ५,००० रुपयांची विमा पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. शाळेच्या धड्यात त्याला त्याग म्हणतात. घरात लहान मुलं असलेल्या बाईला तो कसा दिसला असेल? दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवा आणि तेवढीच पानं वाचा. आठ मिनिटं पुरणार नाहीत.

सदोबा

मृदुलाताईंशी बराचसा सहमत. फक्त काका, तुम्ही तिथे पंच म्हणून बसू नका. नवऱ्याने लिहिलं ते झाकूनपाकून आणि बायकोने सांगितलं ते सगळं खरं, असं परीक्षण हल्ली फार ऐकू येतं. बायांनी पुराण सांगितलं तेव्हा त्या ऐंशीच्या आसपास होत्या. त्या वयात राग निवळतो तरी, नाहीतर मुरतो तरी.

मी आत्मचरित्र हातात घेतलं की आधी साल बघतो. 'आत्मवृत्त' १९१५चं. महिला विद्यापीठ निघालं १९१६ साली! आपण कर्वे म्हटलं की जे पहिलं सांगतो, ते या पुस्तकातल्या माणसाच्या आयुष्यात अजून घडलेलंच नाही. तो सत्तावन्न वर्षांचा आहे, कॉलेजातून निवृत्त झालाय आणि अजून संस्थेसाठी वर्गणी मागत फिरतोय. आपण १०४ वर्षं जगणार हे त्याला काय माहीत? भारतरत्न १९५८चं, म्हणजे त्रेचाळीस वर्षं पुढचं. म्हणून सुरुवात 'भारतरत्न महर्षी' अशी केलीत तर पुस्तक बंद करून फोटोला हार घातल्यासारखं होईल.

आणि लिहिताना समोर कोण होतं तेही बघा. माझ्या मते पुस्तकातला तो शांत, हिशेबी सूर वर्गणीदारांसाठीही आहे. आमच्या संस्थेचा अहवाल मी बारा वर्षं लिहिला, तो सूर मला लांबून ओळखू येतो.

रात्रपाळी_नागपूर

थोडं अवांतर. लिहिणारा 'मी' आणि जगलेला 'मी' एक नसतात, हे मला 'बलुतं'मुळे कळलं. दया पवारांनी १९७८ साली ते लिहिलं तेव्हा दगडू मारुती पवार बोलतोय आणि दया पवार ऐकतोय अशी रचना केली. वस्तीतला दगडू आणि शिकून कवी झालेला दया. कर्व्यांच्या पुस्तकातही असे दोन जण सापडतील. घाट चढणारा पोरगा आणि सत्तावन्नाव्या वर्षी ते लिहून काढणारा प्रोफेसर. साताऱ्याहून परत पाठवलं तेव्हा पोरगा रडला असेल की नाही? प्रोफेसर त्याला किती बोलू देतो, तेवढं तपासा.

बाकी तुमचा तो घाटातला पाटा भाषणात ठेवा, काढू नका.

गियरबॉक्स५८

सगळ्यांचे आभार. तीन पानं फाडली. आता दोनच गोष्टी घेणार आहे, साताऱ्याची वाट आणि विमा. विम्यावरून आठवलं, १९९१ साली मी पीएफमधून उचल घेऊन भावाला घरासाठी दिली आणि घरी आठ दिवसांनी सांगितलं. सांगायला मुहूर्त शोधत होतो. ते भाषणात येणार नाही, पण विम्याची पानं वाचताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं.

सदोबा, वर्गणीदारांचं म्हणालात ते मात्र पूर्ण पटलं नाही. पायी चाललेल्या वाटेचं ते पान असं आहे की ते वाचून कुणी खिशात हात घालणार नाही. तिथे तो माणूस फक्त चालतोय.

मृदुलाताई, 'माझे पुराण' खालच्याच कप्प्यात होतं, शिवण सुटलेलं. घरी आणलं, चहा ठेवायला आत गेलो, तेवढ्यात हिने उचललं. दोन रात्री झाल्या, दिवा मालवत नाही. मधेच हसते, मधेच "बघा" म्हणते आणि काय बघू ते सांगत नाही. रविवार चार दिवसांवर आलाय आणि पुस्तक अजून माझ्या हाताला लागलेलं नाही.