‘द हॉन्टिंग’मध्ये भूत दाखवले नाही, त्यात चुकले काय?

कंदील

चार दिवसांपूर्वी निशाचर यांनी जुन्या भयपटांवरच्या टिपणात रॉबर्ट वाइझच्या ‘द हॉन्टिंग’चा (१९६३) दोन परिच्छेदांत निकाल लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ११२ मिनिटांत एकदाही भूत न दाखवणे हा संयम नव्हे, ती हातात पैसा नसल्याने शोधलेली पळवाट आहे, नायिकेचे स्वगत प्रेक्षकाला काही ओळखूच देत नाही, कारण ते सगळे आधीच सांगून मोकळे होते, आणि घर वेड्यावाकड्या कोनांतून दाखवणे ही नवशिक्याची हौस आहे. पहिल्या दोन मुद्द्यांवर मतभेद असू शकतात. ‘नवशिका’ हा शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण.

ज्या माणसाने १९४१ साली ‘सिटिझन केन’चे संकलन केले, व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हाताखाली तुटपुंज्या पैशांत सावल्यांच्या जोरावर भीती कशी उभी करायची याचे धडे गिरवले आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी दिग्दर्शनाचे ऑस्कर (जेरोम रॉबिन्सबरोबर विभागून का होईना) घरी नेले, त्याला कॅमेरा सरळ कसा धरायचा हे ठाऊक नव्हते, असे मानायला मी तयार नाही. घर वाकडे दिसते, कारण त्याने ते वाकडे मागितले. कॅमेऱ्याच्या लेन्स बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीकडे तेव्हा ३० मिलिमीटरची एक लेन्स तयार होत होती. ती अजून सदोष होती, सरळ रेषा वाकवत होती आणि म्हणूनच कंपनी ती द्यायला नाखूश होती. लेन्समधले दोष मला माहीत आहेत, असे लिहून देऊन, सही करून वाइझने ती घेतली. चित्रपटातल्या त्या झपाटलेल्या घरात, हिल हाउसमध्ये, धड काटकोन नाही हे पात्रेच सांगतात. मग ते घर निर्दोष काचेतून दाखवायचे होते की काय?

आता भुताबद्दल. चित्रपटाच्या आरंभी ते घर बांधणाऱ्या ह्यू क्रेनची मुलगी ॲबिगेल बिछान्यातच लहानाची म्हातारी होते. कॅमेरा वरून बघत राहतो आणि एका चेहऱ्यात पुढच्या वयाचा चेहरा मिसळत जातो. ती म्हातारी मदतीसाठी काठीने भिंत ठोकते, सोबतीला ठेवलेली बाई व्हरांड्यात एका शेतगड्याबरोबर असते आणि म्हातारी मरते. पुढे एका रात्री घराच्या भिंतींवर ठोके पडू लागतात, तेव्हा अर्धवट झोपेतली नायिका एलिनॉर पहिल्यांदा काय समजते? आई बोलावते आहे, असे. कारण आजारी आईच्या अशाच ठोक्यांना तिनेही एका रात्री ओ दिलेली नाही. भिंतीपलीकडे कोण आहे हे वाइझने दाखवले असते, तर ते ठोके घराचे झाले असते, तिचे राहिले नसते.

निशाचर

माझ्या एका शब्दासाठी कंदील यांनी एवढे कष्ट घेतले, याबद्दल आभार. ‘नवशिका’ मागे घेतो. ‘हौस’ मागे घेत नाही. लेन्स सदोष होती हे सांगून तिचा वापर योग्य होता असे सिद्ध होत नाही. पहिली वीस मिनिटे ती काम करते, मग डोळा सरावतो आणि उरतो तो फक्त वाकडेपणा.

पैशांचे म्हणाल, तर हा चित्रपट अमेरिकेत न करता इंग्लंडमध्ये बोरहॅमवुडच्या स्टुडिओत का केला? स्टुडिओने दिलेल्या अकरा लाख डॉलरच्या आसपासच्या रकमेत तो तिथेच बसत होता म्हणून. मी ‘पळवाट’ म्हटले, ते यालाच.

आणि माझा मूळ आक्षेप कंदील यांनी सोयीस्करपणे टाळला आहे. घराचा छडा लावायला जमलेल्या चौघांपैकी पहिल्या रात्रीचे ठोके एलिनॉर आणि थिओ या दोघी बायकांनाच ऐकू येतात, संशोधक डॉक्टर आणि दुसरा पुरुष तेव्हा बाहेर कुत्र्यामागे धावत असतात. इथवर शंकेला जागा आहे. पुढे अंधारात एलिनॉर थिओचा हात घट्ट धरते, दिवा लागतो तर थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे हात कोणाचा होता हे फक्त एलिनॉरच सांगू शकते. इथेही शंका टिकते. पण खालच्या दिवाणखान्याचे ते प्रसिद्ध दार चार माणसांच्या देखत पोटासारखे फुगते. सगळे जर एलिनॉरच्या मनातले असेल तर उरलेल्या तिघांना ते कसे दिसले? आणि ते खरेच असेल तर दाराआड लपवायचे कशाला? वाइझला दोन्ही डगरींवर हात ठेवायचे होते. मी शाळेत असताना मोठ्या भावाबरोबर हा चित्रपट पाहिला. भाऊ चाळिसाव्या मिनिटाला झोपला आणि मी शेवटपर्यंत ‘आता दार उघडेल’ म्हणून जागा राहिलो. ती फसवणूक मी अजून विसरलेलो नाही.

कानसेन

निशाचर यांचे बंधू झोपले, हा चित्रपटाविरुद्धचा पुरावा नसून ज्या यंत्रावर तो पाहिला त्याविरुद्धचा पुरावा आहे. मी ध्वनीच्या कामात आयुष्य घालवले आहे आणि हल्ली हातात मावणाऱ्या पडद्यावर, चिमुकल्या स्पीकरमधून चित्रपट पाहून दिग्दर्शकांना नापास करण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनस्वी तिटकारा आहे. या चित्रपटातले ठोके आणि कुजबुज आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटांना प्रत्यक्ष ऐकवली होती. पलंगावर एकमेकींना बिलगलेल्या दोघींच्या नजरा आवाजामागे ज्या फिरतात, त्या हवेत फिरत नाहीत. ठोके दूर सुरू होतात, जवळ येतात, दारापाशी थांबतात. कॅमेरा त्या दाराकडे असा बघतो की जणू त्यालाही ते ऐकू येते. भूत दाखवलेले नाही, हे खोटे आहे. ते कानाने दाखवले आहे.

दाराबद्दलही सांगतो. लाकडाच्या पातळ थरांचे दार आणि पलीकडून ते रेटणारा एक दांडगा माणूस, एवढीच ती करामत. १९९९ साली यान द बाँटने याच कथेवर संगणकाच्या साहाय्याने अख्खे घर हलवून दाखवले. त्यातला कोणता प्रसंग आज कोणाला आठवतो?

कोरे पान

हा चित्रपट जिच्यावर बेतला आहे ती शर्ली जॅक्सनची १९५९ची कादंबरी बाजूला ठेवून दोन्ही बाजू भांडत आहेत, याचे नवल वाटते. पटकथाकार नेल्सन गिडिंग याला वाचतानाच असे वाटले, की ही मुळात मनोरुग्ण बाईची कथा आहे, घर म्हणजे रुग्णालय आणि संशोधक म्हणजे तिचा डॉक्टर. तो आणि वाइझ लेखिकेला भेटून आले. कल्पना चांगली आहे, पण मी लिहिले आहे ते अतिमानवी शक्तींबद्दलच, असे तिने सांगितले. तेव्हा ‘मनात की घरात’ हा वाद मुळात पटकथाकाराने आणलेला आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. कादंबरीत संशोधक डॉक्टरची बायको प्लँचेट घेऊन येणारी, भुतांवर भाबडा विश्वास असलेली आणि म्हणूनच विनोदी बाई आहे. घरात सगळे काही घडत असताना तिला मात्र काहीच जाणवत नाही, यातला उपरोध केवढा बोचरा! चित्रपटात तिची जागा एका संशयी बायकोने घेतली आणि तिच्या सोयीसाठी एलिनॉरला डॉक्टरच्या प्रेमात पाडले. घर हवे असलेल्या बाईला नवरा हवा असलेली बाई करून टाकले. याबद्दल मी वाइझला कधीही माफ करणार नाही.

उंबरठा

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण निशाचर यांच्या मूळ टिपणात एलिनॉरला ‘सदा कुढणारी, चिडचिडी’ म्हटले होते आणि तिच्या स्वगताला ‘कटकट’, म्हणून लिहिते आहे.

मी सहा वर्षे आईचे अंथरूण सांभाळले. तिच्या उशाशी एक छोटी घंटा होती. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी पहाटे कधीतरी ती घंटा मला ऐकू येते, आणि मी ‘आले’ म्हणते, मग जागी होते. त्यामुळे ते ठोके ऐकून एलिनॉर आईला ओ देते, तो प्रसंग भयपटातला आहे असे मला वाटतच नाही. ज्या माणसाशी वर्षानुवर्षे औषधाच्या वेळा सोडून कोणी काही बोललेले नाही, ते माणूस स्वतःशी बोलते. सतत बोलते, फालतू बोलते, स्वतःचीच समजूत काढते. स्वगत नको असेल तर एलिनॉरच नको.

निशाचर

उंबरठा यांच्या अनुभवाचा आदर आहे. पण प्रेक्षकाने आयुष्यात काय भोगले यावरून दिग्दर्शकाला गुण द्यायचे ठरवले, तर समीक्षेचे दुकान बंदच करावे लागेल. एलिनॉर झालेल्या ज्युली हॅरिसचा चेहरा इतका बोलका आहे की तिच्या डोळ्यांत घराची ओढ दिसते. त्याच क्षणी तिचा आवाज येतो आणि मी तसूतसूने या घरात नाहीशी होते आहे, अशा अर्थाचे काहीतरी सांगतो. दिसत असलेले पुन्हा सांगणे ही चूकच आहे, ती कोणी किती वर्षे शुश्रूषा केली यावरून बदलत नाही. शिवाय एलिनॉरबद्दलची सहानुभूती इथे जरा जास्तच वाहते आहे. तिने ठोके ऐकले आणि ती उठली नाही. अपराधाची भावना तिला उगाच नाही.

कंदील

निशाचर, हे वाक्य तुम्ही मागे घ्यावे असे मला वाटते, आणि ते चित्रपटापुरते आहे अशी सबब सांगू नये.

कोरे पान

सबब बाजूला ठेवू, मजकूर पाहू. कादंबरीतली एलिनॉर ३२ वर्षांची आहे आणि त्यातली ११ वर्षे आईच्या सेवेत गेली आहेत. आपण जागेच झालो नाही, असे ती आधी म्हणते. आणि मग तिच्या मनात येते, की कदाचित आपण जागे झालो होतो आणि पुन्हा झोपलो. ती स्वतःच ठरवू शकत नाही. निशाचर यांनी मात्र एका ओळीत निकाल दिला. भुताबाबत दिग्दर्शकाने शंका ठेवली म्हणून यांना राग येतो आणि माणसाबाबत शंका ठेवली की ती यांना दिसतही नाही.

उंबरठा

मी ठरवू शकते. मी दोनदा उठले नाही. घंटा वाजली, मी ऐकली आणि कूस बदलली. एकदा तिला फक्त खिडकी लावून हवी होती. दुसऱ्यांदा काय हवे होते ते सकाळी तिलाही आठवले नाही. तिसऱ्यांदा तशी वेळ आली असती तर काय झाले असते, हे मला माहीत नाही, आणि जे सांगतात त्यांनी सलग सहा रात्री तरी जागून मग सांगावे. ॲबिगेलकडे न गेलेली ती सोबतीण पुढे त्याच घरातल्या गोल जिन्याच्या माथ्यावर गळफास घेते. ती कथा संशोधक वाचून दाखवल्यासारखी सांगतो, तिच्याविषयी कोणाला काही वाटत नाही. एलिनॉरला वाटते. ती त्या जिन्यापाशी का ओढली जाते, यावर तुमच्या टिपणात एक अक्षर नव्हते.

कानसेन

जिन्याचा विषय निघालाच आहे तर एवढेच नोंदवतो, की त्या लोखंडी जिन्याच्या कठड्यावरून कॅमेरा सरकवला आहे. त्या दृश्यात घरच पाहते आहे असे वाटते, ते त्यामुळे.

निशाचर

शेवटचे वाक्य मागे घेतो. ते चित्रपटापुरतेच होते, हे म्हणायचा मोह झाला होता, पण कंदील यांनी ती वाट आधीच बंद केली आहे. सोबतिणीचा आणि आईच्या ठोक्यांचा धागा माझ्या लक्षात आला नव्हता, हे कबूल करतो. भाऊ घोरत होता, त्यात ऐकू आले नसावे. तरीही त्या जिन्याच्या दृश्याबद्दल मला कोणीतरी एक गोष्ट समजावून सांगावी. एलिनॉर वर पोहोचली आहे, घर आणि ती एकरूप होऊ पाहत आहेत, आणि नेमक्या त्या क्षणी वरच्या झडपेतून डॉक्टरच्या हरवलेल्या बायकोचे विस्कटलेले तोंड फटकन बाहेर येते. ल्यूटनच्या शिष्याने हे करावे? ज्याने दीड तास काहीही न दाखवण्याचे व्रत पाळले, त्याने ते मोडले कशासाठी, तर दचकवण्यासाठी?

कंदील

यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेली कित्येक वर्षे ते तोंड आले की मी खाली बघतो, आणि ते मला आवडते असे कोणाला कधी सांगितलेले नाही. ग्रेस, म्हणजे डॉक्टरची ही बायको, हे पात्रच गोष्टीत उपरे आहे. कोरे पान यांचे म्हणणे त्या पात्रापुरते खरे मानावे लागेल, डॉक्टरवरच्या प्रेमापुरते नाही. त्या प्रेमामुळेच एलिनॉरला घरातून घालवून देणे अधिक क्रूर वाटते.

पण मग शेवटही पाहा. घालवून दिलेली एलिनॉर गाडीत बसते, स्टीअरिंग तिच्या हातात फिरते की घर फिरवते, हे कळत नाही, आणि तेवढ्यात तीच ग्रेस गाडीसमोरून धावत जाते. तुमचे ते नकोसे तोंड तिथे तिसरी शक्यता होऊन येते. कादंबरीत त्या क्षणी एलिनॉरच्या मनात प्रश्न येतो, की मी हे का करते आहे, हे लोक मला थांबवत का नाहीत. चित्रपटात त्याऐवजी रस्त्यावर एक बाई आहे. यातले श्रेष्ठ कोणते, ते मी आज सांगत नाही.

कोरे पान

कादंबरीतले. आज, उद्या आणि परवाही.

उंबरठा

आणखी एक, स्वगताबद्दल. चित्रपटाच्या आरंभी घराचे वर्णन डॉक्टरच्या आवाजात आहे : तिथे जे काही वावरत होते, ते एकटेच वावरत होते. शेवटी, मेल्यानंतर, जवळजवळ तेच शब्द एलिनॉर म्हणते, पण ‘आम्ही’ म्हणून. तिने सबंध चित्रपटभर स्वतःशी बडबड केली नसती, तर तो आवाज आता कुठून येतो आहे, हे आपल्याला ओळखताच आले नसते.

निशाचर

हे मला सुचायला हवे होते. रविवारी हेडफोन लावून पुन्हा पाहीन, कानसेन यांच्या समाधानासाठी. स्वगत तरीही निम्मे कमी करता आले असते. आणि ते दार उघडायला हवे होते, निदान बोटभर.