प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि महाधमनीत 'फ्लॅप' सापडला. थांबावं का?

बाबा ६८ वर्षांचे. लघवी अडखळते म्हणून पोटाची सोनोग्राफी केली. प्रोस्टेट बघून झाल्यावर डॉक्टरांनी प्रोब पुन्हा बेंबीच्या वर नेला आणि त्या एकदम गप्प झाल्या. मग मला स्क्रीन दाखवली. महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) काळ्या नळीत एक बारीक पांढरी रेघ, दर ठोक्याला फडफडणारी. कलर डॉप्लर लावला तर रेघेच्या दोन्ही अंगांना रक्त वाहताना दिसलं. रिपोर्टमध्ये 'डिसेक्शन फ्लॅप, तातडीने सीटी अँजिओ' लिहिलंय, म्हणजे फाटलेल्या अस्तराची पट्टी दिसतेय, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करा. बाबा म्हणतात, दुखत नाही, पुढच्या आठवड्यात बघू. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या पाठीत जीवघेणी कळ आली होती. उसण भरली समजून आम्ही शेकत बसलो, तेच सारखं डोळ्यांसमोर येतंय.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट): पुढचा आठवडा नको, आजच जा. कधीकधी प्रतिध्वनीमुळे अशी खोटी रेघ उमटते, पण ती स्वतंत्रपणे हलत नाही आणि डॉप्लरचा रंग तिला ओलांडून जातो. तुमच्या वर्णनावरून ही खरी वाटते. धमनीचं आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरलंय. पोटाच्या सोनोग्राफीत फक्त खालचा भाग दिसतो. फाट छातीत कुठून सुरू झाली, हे सीटीतच कळेल. हृदयातून वर निघणारा भाग फाटला असेल तर तो टाइप ए, त्यात बहुधा लगेच ऑपरेशन लागतं. तो भाग शाबूत असेल तर टाइप बी, तिथे आधी बीपी आवरतात. दुखत नाही म्हणजे धोका टळला, असं धरू नका. पाठीची ती कळ डॉक्टरांना नक्की सांगा.

उत्तर (फार्मासिस्ट): लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू आहे का? महाधमनी कमकुवत असलेल्यांनी शक्यतो ही औषधं टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये दिलाय. डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

प्रश्नकर्ती: त्याच रात्री सीटी झाला. टाइप बी निघाला. डाव्या हाताच्या धमनीच्या पुढून खाली पोटापर्यंत फाट आहे, दोन्ही किडन्यांना रक्त नीट मिळतंय. बीपी १७८ होतं, बीटा ब्लॉकर (बीपी आणि ठोके कमी करणारं औषध) सुरू केलंय. ठरलेल्या अंतराने पुन्हा स्कॅन होत राहतील. आणि हो, सिप्रोफ्लॉक्सासिनचं पाकीट घरात होतं, चार गोळ्या पोटात गेल्या होत्या. डॉक्टरांनी ते बंद करून दुसरं अँटिबायोटिक दिलं. प्रोब परत वर नेणाऱ्या त्या डॉक्टरांना उद्या भेटून येणार आहे.